परिसर अभ्यासात माणूस कुठे आहे?

पर्यावरण दिन 5 जूनला येतो, तेव्हा आपल्या मराठी शाळांना सुट्टी असते. मग शाळा उघडल्यावर एखादे रोप, एखादी चित्रकला स्पर्धा, चार घोषणा, कार्यक्रम उरकला! वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 सालीच पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. पुढे 2003 मध्ये त्याच न्यायालयाला पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम तयार करा, असे एनसीईआरटीला सांगावे लागले.

महाराष्ट्रात बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘परिसर अभ्यास’ हा विषय आणला. त्यात विज्ञानाबरोबर भूगोल आणि नागरिकशास्त्रही आले. ही मांडणी आम्हांस योग्य वाटते, कारण पाणी, जंगल आणि कचरा हे प्रश्न समाजाचेही आहेत. शिकवताना मात्र समाज गळतो आणि ‘झाडे लावा’ तेवढे उरते.

वसई तालुक्यातले चिंचोटी घ्या. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचे गाव, मागे तुंगारेश्वरचे जंगल. पावसाळ्यात धबधब्यावर शहरातली मंडळी येतात आणि बाटल्या, प्लास्टिक टाकून जातात. माणसे बुडतात म्हणून प्रशासनाने मनाई आदेशही काढले आहेत. हे जंगल 2003 साली अभयारण्य झाले. आता तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या वारली, कातकरी मुलांना ‘जंगल तोडू नका’ एवढेच शिकवायचे काय? चुलीपुरती मोळी आणणारी त्यांची आई गुन्हेगार आणि बाटली फेकणारा पर्यटक निसर्गप्रेमी, हा धडा त्यातून जातो. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 5 ग्रामसभेला जंगल, वन्यप्राणी आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार देते. चौथी-पाचवीच्या नागरिकशास्त्रात हे सोप्या भाषेत सहज सांगता येते. मुलाला कळू द्या की, जंगल राखणारे त्याचेच लोक आहेत.

पाण्याचेही तेच. चवदार तळे इतिहासाच्या तासाला येते, पाण्याच्या पाठात येत नाही. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, त्यावर माणसांना बंदी होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी घेतले. त्यानंतर सुरू झालेल्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातला निकाल 1937 साली लागला. पाणी वाचवा हे खरेच, पण पाणी कोणाला मिळते हे आधी विचारावे लागते.

राहिला कचरा. वसई-विरारचा कचरा वर्षानुवर्षे गोखिवऱ्याच्या डम्पिंगवर पडला. कचरा वेचणाऱ्या आणि गटारात उतरणाऱ्या माणसांत आपल्या समाजाची संख्या किती मोठी आहे, हे वाचकांना सांगायला नको. वर्गात स्वच्छतेचा पाठ वाचून घेणारे गुरुजी तास संपल्यावर केरसुणी कोणाच्या हाती देतात, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. आमची सूचना साधी आहे. वर्ग झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी. त्यात मुलगे-मुली दोघे यावेत आणि पहिल्या दिवशी गुरुजींचे नाव असावे.