ब्रेक मऊ का लागतो?

बैलगाडी थांबवायची तर आपण कासरा ओढतो. मोटार थांबवायची तर ब्रेकचे पेडल पायाने दाबतो. बैल हाकही ऐकतो. मोटार हाक ऐकत नाही. तिला ब्रेक हाच कासरा.

आता गावोगाव जीप, पिकअप, टेम्पो आले आहेत. भाजी बाजाराला जाते. वऱ्हाड लग्नाला जाते. आजारी माणूस दवाखान्यात जातो. म्हणून ब्रेकची माहिती ड्रायव्हरला हवीच; पण गाडीच्या मालकाला आणि गाडीत बसणाऱ्यालाही हवी.

चांगला ब्रेक कसा असतो? पेडल थोडे खाली जाते आणि मग पायाला घट्ट लागते. बिघडलेला ब्रेक कापसाच्या उशीसारखा मऊ लागतो. पेडल पुष्कळ खाली जाते आणि गाडी उशिरा थांबते.

असे का होते? होळीची पिचकारी घ्या. ती पाण्याने पूर्ण भरा. तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दांडा दाबून बघा. दांडा आत जात नाही. आता पाणी काढून टाका. पिचकारीत नुसती हवा राहू द्या. पुन्हा तोंड बंद करून दाबा. दांडा आत जातो आणि सोडला की मागे येतो. म्हणजे पाणी दबत नाही, हवा दबते.

ब्रेकमध्ये हीच युक्ती आहे. पेडलच्या पुढे एक पिचकारी असते. तिला मास्टर सिलेंडर म्हणतात. तिच्यापासून बारीक नळ्या चारी चाकांकडे जातात. या सगळ्यांत ब्रेक ऑइल भरलेले असते. तेलही पाण्यासारखेच, ते दबत नाही. बंद जागेतल्या पाण्यावर किंवा तेलावर दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोहोचतो. हा नियम फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) यांनी सांगितला. पण नळीत हवा शिरली तर? पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो. चाकापर्यंत पुरता पोहोचत नाही.

ही हवा येते कोठून? कधी तेल गळते, डबीतले तेल संपत येते आणि त्या जागी हवा शिरते. कधी दुरुस्ती करताना हवा आत राहून जाते.

जुन्या तेलाचाही दोष असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. नवे ‘डॉट ३’ तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाट उतरताना ब्रेक सारखा दाबला, की चाकाजवळ फार ताप होतो. तेल उकळते आणि त्याची वाफ होते. वाफही हवेसारखी दबते. खाली आल्यावर गाडी निवते आणि ब्रेक पुन्हा घट्ट लागतो. माणसाला वाटते, दुखणे गेले. ते गेलेले नसते. म्हणून पुष्कळ गाड्यांत दर दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे ब्रेकवर भार कमी पडतो.

आता परीक्षा करू. गाडी सपाट जागी उभी करा. हॅन्डब्रेक ओढा. चाकांना दगड लावा. गिअर काढून इंजिन चालू ठेवा. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबा. पेडल वर येऊन घट्ट होत गेले, तर बहुधा आत हवा आहे, किंवा मागच्या ड्रमचा ब्रेक सैल आहे. आता पेडल दाबूनच धरा. ते हळूहळू खाली जात राहिले, तर तेल गळते आहे, किंवा मास्टर सिलेंडरचे रबर खराब आहे.

कित्येक जण म्हणतात, “दोनदा पंप मारला की लागतो ना!” पण ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. मूल आडवे धावले, तर दोनदा पंप मारायला वेळ कोठला?

उपाय काय? आधी गळती शोधा. चाकांची आतली बाजू, नळ्यांचे सांधे, रबरी नळ्या बघा. ओले दिसले किंवा नळी फुगली असेल, तर तो भाग बदला. गळती तशीच ठेवून हवा काढली, तर हवा पुन्हा शिरेल.

मग हवा काढावी. हे दोघांचे काम आहे. चाकाजवळच्या ब्रेकला एक निपल असते. त्याला पारदर्शक नळी लावा. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवा. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने निपल सैल करावे. तेलाबरोबर बुडबुडे येतील. निपल घट्ट करावे आणि मगच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे. वरची डबी मात्र रिकामी होऊ देऊ नये. कोणते चाक आधी, ते गाडीच्या पुस्तकात बघावे.

डबीत इंजिनचे तेल कधीही घालू नका. त्याने रबर फुगते. निघालेले तेल पुन्हा वापरू नका. एबीएसच्या गाडीला कधीकधी यंत्र लावावे लागते. ती जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावी. शेवटी मोकळ्या जागी, हळू चालवून ब्रेक पाहावा.

ब्रेक मऊ लागला की गाडी उभी करा. एक फेरी बुडाली तर उद्या भरून निघेल. गेलेले माणूस परत येत नाही.