नोकरींतील माणसाची वाढ

लोणारच्या कड्यावर उभें राहून खालचें सरोवर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. त्या विवरांत पाणी येतें, पण बाहेर जावयास त्यास वाट नाहीं. उन्हानें आटेल तेवढेंच. म्हणून क्षार मागें सांचत जातात व पाणी खारट होतें. लोणारच्याच काय, कोणत्याही गांवच्या कचेरींत असे गृहस्थ भेटतात. आवक-जावकेच्या एकाच वहीवर वीस वर्षें काढलेला कारकून त्या वहींत निष्णात होतो. शेजारच्या टेबलावरचें हिशेबाचें काम मात्र त्यास परकेंच राहतें.

दोष थोडा त्याचा, बराचसा कचेरीचा. सेवापुस्तकांत रजा, वेतनवाढ, बदली यांची नोंद होते. रोजच्या कामांतून मनुष्याच्या हातीं काय आलें, याची होत नाहीं. ती त्यानें स्वतःच ठेविली पाहिजे.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं सरकारी शाळेंत शिक्षक असतांनाच कायद्याचा अभ्यास केला, १९११ सालीं वकिली पत्करली, आणि ती संभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. सर्वांनाच काणे होतां येत नाहीं, हें मान्य. नोकरी सोडणेंही सर्वांस परवडत नाहीं. परंतु १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाल्यापासून नोकरी न सोडतां पदवी घेण्याची सोय झाली आहे.

मात्र आपली उणीव कोठें आहे हेंच ज्यास कळलें नाहीं, तो ती भरून काढणार कशी? सीमेवरील रस्त्यांच्या खात्यांतील एका अभियंत्यास 'चांगला' असा शेरा मिळाला होता. बढतीस 'फार चांगला' लागत होता, आणि आपला शेरा काय, हें त्यास कोणीं कळविलेंच नव्हतें. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या खटल्यांत सांगितलें कीं, वार्षिक अहवालांतील प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, त्या नोकरास कळविलाच पाहिजे. बढतीपेक्षां शिकण्याच्या दृष्टीनें मला हा निर्णय अधिक मोलाचा वाटतो.

आतां वरिष्ठांस एक विनंति. शेऱ्याचा कागद हातीं देऊन थांबूं नका. त्या मनुष्यास समोर बसवून विचारा, ''पुढल्या वर्षीं कोणतें काम शिकावेंसें वाटतें?'' पहिल्या वर्षीं बहुधा तो ''साहेब सांगतील तें'' असेंच म्हणेल. दुसऱ्या वर्षीं पुन्हां विचारा. आणि त्यानें हिशेबाच्या कामाचें नांव घेतलें, तर आठवड्यांतून एक दुपार त्यास त्या टेबलावर बसूं द्या. आवक-जावकेची वही तेवढा वेळ दुसऱ्या कोणासही संभाळतां येते.