दोन औषधं, छत्तीस तास

मिफेप्रिस्टोन हे औषध बाईच्या शरीरात काम करतं, कोंबडीच्या शरीरात करत नाही. असं का? प्रोजेस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाला पेशीत येऊन बसण्यासाठी एक ठरलेली जागा असते. तिला रिसेप्टर म्हणतात. माणसात हा रिसेप्टर ९३३ अमिनो आम्लांच्या साखळीचा असतो आणि त्यात ७२२ व्या क्रमांकावर ग्लायसिन असतं. अमिनो आम्लांमधलं हे सर्वांत लहान. कोंबडीत आणि हॅमस्टरमध्ये त्याच ठिकाणी सिस्टीन असतं, ते किंचित मोठं. तेवढ्यानेच मिफेप्रिस्टोनला आत शिरायला वाव उरत नाही. शेकडो दुव्यांच्या साखळीतला एकच दुवा निराळा, आणि एकीकडे औषध लागू पडतं तर दुसरीकडे नुसतं वाया जातं. चाकण-भोसरीतल्या एखाद्या बाईच्या तळहातावर डॉक्टर जी गोळी ठेवतात, तिची सगळी ताकद त्या चिमूटभर रिकाम्या जागेत आहे. हे समजल्यापासून मला त्या गोळीकडे साध्या नजरेने पाहता येत नाही.

गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपाताबद्दल आपल्याकडे दबक्या आवाजात बोललं जातं, पण तो दुर्मीळ मुळीच नाही. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासाने मांडला. त्यातले ८१ टक्के गोळ्यांनी झाले होते. एकूण गर्भपातांपैकी ७३ टक्के तर रुग्णालयाबाहेर गोळ्या घेऊन झाले होते. म्हणजे असंख्य बायका या गोळ्या घेतात आणि पुढचे दोन-तीन दिवस आपल्या शरीरात काय चाललंय, हे सांगणारं त्यांच्याजवळ कुणी नसतं. चाकणजवळच्या कुरुळीत भाड्याच्या खोलीत नवरा रात्रपाळीला गेलेला, माहेर परभणीला नाहीतर पार बिहारमध्ये. पोटात कळ आली की ती साधी की धोक्याची, हे विचारायचं कुणाला? गोळी नेमकं काय करते हे ठाऊक असेल तर यातली बरीच भीती उरत नाही, कारण पुढे जे जे घडतं त्याला कारण आहे.

दर महिन्याला बीज सुटलं की अंडाशयात मागे राहिलेल्या पोकळीतून पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो. हे संप्रेरक गर्भाशयाचं अस्तर जाड आणि रक्ताने भरलेलं ठेवतं, स्नायूंना आकुंचन पावू देत नाही, पिशवीचं तोंड मिटलेलं ठेवतं. गर्भ रुजला नाही तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. गर्भ रुजला तर त्याच्याभोवतीच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि पीतपिंडाला कामावर टिकवून धरतात. लघवीच्या तपासणीत दुसरी रेघ उमटते ती या एचसीजीमुळेच. सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास वार स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. तोवर सगळी भिस्त त्या इवल्या पीतपिंडावर असते.

मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉनचं प्रमाण कमी करत नाही. ते तिथे काम करतं जिथे प्रोजेस्टेरॉन येऊन बसणार असतं. भरलेल्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. सीट अडते, पण रुमालावर कुणी बसत नाही. रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर फिरत असतं, पण त्याला टेकायला जागा मिळत नाही. गर्भाशयाला वाटतं की संप्रेरक संपलं, आणि पाळीच्या आधी जे होतं तेच सुरू होतं: अस्तर सुटू लागतं, तोंड मऊ होतं.

हा रेणू १९८० मध्ये फ्रान्समधल्या रूसेल-उक्लाफ कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ट्युश यांनी तो घडवला आणि एतिएन-एमिल बोलिय यांनी त्याचा गर्भपातासाठी उपयोग ओळखला. कंपनीच्या यादीतला क्रमांक ३८४८६, म्हणून सुरुवातीचं नाव ‘आरयू ४८६’. १९८८ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सने मान्यता दिली, साधारण महिन्याभराने विरोधामुळे कंपनीने औषध मागे घेतलं, आणि आरोग्यमंत्री क्लोद एव्हॅं यांनी ते पुन्हा बाजारात आणायला लावलं. भारतात हे औषध २००२ मध्ये आलं. पण एकट्या मिफेप्रिस्टोनने काम नेहमी पुरं होत नाही, हे पहिल्या चाचण्यांतच दिसलं होतं. अस्तर सुटायचं, पण बाहेर ढकलणारं कुणी नसायचं. म्हणून जोडीला प्रोस्टाग्लँडिन हे गर्भाशयाला आकुंचन पावायला लावणारं रसायन आलं, आणि शेवटी स्थिरावलं ते मिसोप्रोस्टॉल. हे मुळात जठरातल्या व्रणावरचं औषध. त्याचा हा दुसरा उपयोग १९८० च्या दशकात ब्राझीलमधल्या बायकांनी प्रथम शोधला, प्रयोगशाळांनी तो नंतर तपासला. नैसर्गिक प्रोस्टाग्लँडिन रक्तात काही मिनिटांतच मोडून जातं. मिसोप्रोस्टॉल या कृत्रिम प्रोस्टाग्लँडिनची गोळी मात्र फ्रीजशिवायही टिकते. आपल्याकडे दोन्ही औषधं एकाच पाकिटात मिळतात: मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. डॉक्टर पहिल्यांदा विचारतात ती शेवटच्या पाळीची तारीख. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ९ आठवडे, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ही पद्धत वापरता येते. मग तपासणी, हिमोग्लोबिन, रक्तगट, बहुतेक ठिकाणी सोनोग्राफी. यातलं काहीच उगाच नसतं. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला असेल तर ही औषधं तिथे चालत नाहीत, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. गोळीमुळे सुरू झालेल्या रक्तस्रावात नळीतल्या रक्तस्रावाची खूण लपून जाते. दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याचा सगळ्यात मोठा धोका माझ्या मते हाच आहे. हिमोग्लोबिन पाहतात कारण महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. रक्त आधीच फार कमी असेल तर डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचा विचार होतो. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढतात. दमा किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असतील, रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर तेही आवर्जून सांगायला हवं.

पहिली गोळी गिळल्यावर बहुतेक बायकांना फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, क्वचित डाग. त्यामुळे ‘गोळी लागू पडलीच नाही’ असं वाटतं, आणि काही जणी घाबरून काहीबाही आणखी घेतात. तसं करू नये. याच शांत तासांत रिसेप्टर एकेक करून अडत असतात, आणि प्रोस्टाग्लँडिनला प्रतिसाद देण्याची गर्भाशयाची तयारी सुमारे पाचपट वाढते. दुसऱ्या औषधाआधी २४ ते ४८ तास थांबायचं ते एवढ्यासाठीच. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यात पहिली गोळी, गुरुवारी सकाळी मिसोप्रोस्टॉल, मधे छत्तीस तास. डॉक्टरांशी बोलून असा मेळ घालता येतो.

मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कशा घ्यायच्या, हे डॉक्टर ठरवतात. गालात किंवा जिभेखाली ठेवायच्या असतील तर अर्धा तास विरघळू द्यायच्या आणि उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं. बहुधा एक ते चार तासांत कळा सुरू होतात. त्या पाळीच्या कळांहून जोरकस असतात, आणि स्वभाव मात्र तोच, कारण पाळीत पोट दुखतं तेही प्रोस्टाग्लँडिनमुळेच. थंडी वाजते, अंग तापतं. मेंदूतलं तापमान ठरवणारं केंद्र प्रोस्टाग्लँडिनच्याच इशाऱ्यावर चालतं, म्हणून हा ताप येतो आणि साधारणपणे काही तासांत उतरतो. जुलाब होतात, कारण आतड्याचे स्नायूही याच रसायनाचं ऐकतात. मला याचं फार नवल वाटतं. एकच रेणू पोटात, आतड्यात, मेंदूत वेगवेगळी कामं करतो, आणि घाबरवणारी प्रत्येक तक्रार त्याच एका सुताने बांधलेली असते. दुखण्यावर डॉक्टर आयब्युप्रोफेन देतात. ते शरीराला नवं प्रोस्टाग्लँडिन बनवू देत नाही, पण बाहेरून घेतलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या आड येत नाही. म्हणून कळ सोसत बसायचं कारण नाही.

अंगावरून पाळीपेक्षा जास्त जातं, गाठी पडतात. सहा-सात आठवड्यांचा गर्भ साधारण एक सेंटिमीटरचा असतो, बहुतेकदा तो गाठींत ओळखूही येत नाही. नऊ आठवड्यांच्या जवळ असाल तर फिकट पिशवीसारखं काही दिसू शकतं. हे आधी माहीत असलेलं बरं. जोराचा भाग सहसा काही तासांत सरतो. मग पाळीसारखं, मग डाग, असं दोन आठवडे, कधी महिनाभरही चालतं.

त्या दिवसासाठी चाकणच्या बाजूला काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, आणि त्या औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. चाळीत संडास सामाईक असतो, पाण्याच्या वेळा असतात. पाणी भरून ठेवावं, मोठे पॅड आणावेत, एखादी विश्वासाची बाई सोबत असावी. तळेगाव चौकातली वाहनांची कोंडी सगळ्यांनाच माहीत आहे, तेव्हा गरज पडली तर कुठे जायचं आणि कशाने, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील आणि सलग दोन तास तसंच चाललं असेल, चक्कर येत असेल, एका बाजूला किंवा खांद्यात तीव्र दुखत असेल, ताप दुसऱ्या दिवशीही टिकला असेल, स्रावाला दुर्गंधी येत असेल, तर वाट पाहायची नाही. आणि दुसऱ्या औषधानंतर २४ तासांत रक्तच आलं नाही, तरीही डॉक्टरांकडे जायचं.

शंभरातल्या ९५ ते ९८ जणींचं काम गोळ्यांनीच पूर्ण होतं. उरलेल्यांना पुन्हा औषध किंवा पिशवी साफ करणं लागतं. पंधराव्या दिवसाची फेरी चुकवू नये ती यासाठी. गर्भ तसाच राहिला तर मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग येण्याचा धोका असतो. लघवीची तपासणी मात्र लगेच करून घाबरू नका. एचसीजी रक्तातून हळूहळू जातं, चार आठवड्यांपर्यंत रेघ दिसू शकते. पुढे मूल होण्यात या गोळ्यांनी अडचण येत नाही. उलट आठ-दहा दिवसांतही पुन्हा बीज सुटू शकतं, त्यामुळे गर्भनिरोधकाचं त्याच भेटीत ठरवावं.

कायद्याबद्दल. १९६४ साली केंद्राने या प्रश्नावर समिती नेमली तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे शांतिलाल शहा होते. त्या अहवालातून १९७१ चा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीचा हक्क विवाहितेइतकाच आहे असं सांगितलं. त्या खंडपीठाचे प्रमुख न्या. धनंजय चंद्रचूड यांचं मूळ गाव कन्हेरसर, चाकणच्याच खेड तालुक्यातलं. १८ वर्षांवरील स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नोकरीवरच्या स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे.

या गोळ्या लिंगनिवडीसाठी वापरल्या जातात, या गैरसमजाने मात्र फार नुकसान केलं. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातलं परळीचं गर्भलिंगनिदानाचं प्रकरण गाजलं, तपासण्या कडक झाल्या आणि राज्यातल्या अनेक औषध दुकानदारांनी या गोळ्या ठेवणंच सोडलं. लिंगनिदानाविरुद्धची लढाई योग्यच होती. पण नऊ आठवड्यांपर्यंत मुलाचे आणि मुलीचे बाह्य अवयव एकाच उंचवट्यातून घडत असतात आणि सारखेच दिसतात, सोनोग्राफीत फरक कळत नाही. ज्या वेळी लिंग दिसतच नाही त्या वेळच्या औषधावर त्या गुन्ह्याचा संशय ठेवणं अन्यायाचं आहे.

पाळी चुकून आठ दिवस झाले आणि मनात प्रश्न असेल, तर तपासणी करा आणि पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात किंवा जवळच्या प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांकडे जा. ६३ दिवसांतले पहिले जवळपास २८ दिवस पाळी चुकेपर्यंतच निघून गेलेले असतात.