पोथीचें शेवटचें पान

आमच्या राजापूरच्या घरीं चातुर्मासांत श्रीधरस्वामींच्या 'हरिविजया'चें वाचन होत असे. पोथी छापील, परंतु जुन्या वळणाची : आडवीं सुटीं पानें, दोन लांकडी फळ्या आणि वर तांबडें बासन. मधूनमधून लांकडी ठशांचीं चित्रें होतीं. आम्हां मुलांस ओव्या कळूं लागण्यापूर्वींच कालियाच्या फणांवरचा कृष्ण ओळखीचा झाला.

गेल्या श्रावणांत नातवानें विचारलें, "आजोबा, ही पोथी कधीं छापली?" मी पानें उलटीत शेवटाकडे गेलों आणि थबकलों. शेवटचें पान नव्हतें. वीस वर्षांपूर्वीं पोथी आवरतांना कांठ झिजलेलीं चार पानें मला निरुपयोगी वाटलीं. पवित्र वस्तु केरांत कशी टाकावी, म्हणून तीं मींच अर्जुनेच्या पात्रांत सोडलीं आणि शास्त्रोक्त कृत्य केल्याचें समाधान मानिलें. त्यांतल्याच एका पानावर छापखाना, गांव आणि शके हीं होतीं. जन्मभर मुलांस वहीच्या डोक्यावर मिती घालावयास लावणाऱ्या शिक्षकानें घरच्या पोथीची मिती नदींत सोडली !

ही हानि केवढी, हें कळण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं भगवद्गीता छापली गेली, ती ताम्रपटांवर अक्षरें कोरून. त्याच सालीं बंगालमध्यें श्रीरामपुरास केरीसाहेबांचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. पुढें मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछाप घालून १८३१ सालीं पंचांग काढलें. शाईंत चरबी असते या समजुतीनें तेव्हां कित्येक धार्मिक लोक छापील कागदास शिवत नसत. म्हणून धर्मग्रंथांसाठीं गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई योजिली. १८६७ सालीं छापील पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यापूर्वींच्या मराठी पुस्तकांस अभ्यासक 'दोलामुद्रितें' म्हणतात. दोला म्हणजे पाळणा. मुद्रणकलेच्या बाळपणींचे हे ग्रंथ. आमची पोथी पाळण्यांतली कीं नंतरची, हें त्या एका पानानें सांगितलें असतें.

तथापि चित्रेंही कांहीं सांगतात. लांकडी ठशांत चित्र फळीवर उलटें काढून रेषांभोवतालचें लांकूड कोरून टाकतात. उंच राहिलेल्या रेषांस शाई लागते. ठशाची उंची खिळ्यांइतकी असली म्हणजे अक्षरें व चित्र एकाच दाबांत उमटतात. शिळाछापाची रीत निराळी. तेथें दगडाच्या सपाट पृष्ठावर स्निग्ध शाईचें लेखन असतें. दगड ओला केला कीं छपाईची शाई त्या लेखनासच धरते. म्हणून शिळाछापाचें पान लेखकूच्या हातचें वाटतें. ठसा मात्र वारंवार वापरला जाई आणि कालांतरानें तडके. आमच्या कालियाच्या चौकटींत एक बारीक पांढरी रेघ आहे. लहानपणीं ती मला सापाची जीभ वाटे. ती तडकलेल्या ठशाची खूण आहे. तोच ठसा मितीच्या दुसऱ्या पोथींत अभंग आढळला, तर आमची पोथी तिच्यानंतरची, एवढें निश्चित होईल.

यासाठीं सुज्ञ गृहस्थांस व विशेषतः गृहिणींस विनंति आहे. पोथीचीं फाटकीं पानें विसर्जन करूं नका. आरंभींचें व शेवटचें तर मुळींच नको. गंधाक्षता पानांवर न वाहतां बासनावर वाहाव्या. गंधानें डाग पडतात व अक्षतांनीं कीड येते. फाटल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. आमच्या कोंकणच्या दमट हवेंत पोथी भिंतीस टेकवून ठेवूं नये. पाऊस सरला कीं सावलींत उलगडून वारा द्यावा. नदीकांठच्या घरांनीं ती माळ्यावर ठेवावी. अर्जुनेच्या पुरास मुद्रित-हस्तलिखित हा भेद ठाऊक नाहीं. आणि प्रत्येक पानाचें छायाचित्र काढून ठेवावें. हें काम घरांतलीं मुलें हौसेनें करतील.

तुपाच्या शाईची खात्री पटल्यावांचून छापील पान शिवावयाचें नाहीं, असा आग्रह धरणारे आपलेच पूर्वज. पुढें त्याच पानांस पूज्य मानणारेही आपलेच. त्या पूज्यबुद्धीच्या भरांत मीं जें केलें, तें इतरांनीं करूं नये, म्हणून हें लिहिलें.

नातवानें पोथीची नोंद एका निराळ्या कागदावर केली आहे : ग्रंथाचें नांव, पानें किती, चित्रें किती, तडा कोणत्या ठशास. खालीं त्यानें आपण होऊन लिहिलें, "शेवटचें पान नाहीं. आजोबांनीं नदींत सोडलें." मीं तें खोडलें नाहीं.