रस्ता बोलतो कशाने?

हातखंब्याच्या तिठ्यावर एस. टी.ची वाट पाहत उभे राहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रस्ता मोकळा असला की लांबून येणारी मोटार दिसण्याआधी ऐकू येते. आणि ऐकू येते ती इंजिनाची घरघर नव्हे, तर एक लांबलचक ‘सूंऽऽ’ असा आवाज. हा आवाज कोण करतो? मोटार, की रस्ता? आज या साध्या प्रश्नाची उकल आपण करू या.

प्रश्न साधा खरा, पण जिव्हाळ्याचा आहे. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा, आपल्या जिल्ह्यातून खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर असा जातो. त्याच्या काठावर घरे आहेत, दवाखाने आहेत, शाळा आहेत. ट्रक गेला की गुरुजींचे वाक्य अर्धवट राहते, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला ‘सात’ म्हटले की ‘साठ’ हे कळत नाही. शाळा व रुग्णालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र म्हणून राखता येतो, आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनी घातली आहे. नियम आहे, पण चाकाला तो कोण वाचून दाखविणार?

आता चाकाकडे पाहू. मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास गेला की इंजिनापेक्षा टायरचाच आवाज मोठा होऊ लागतो. जड ट्रकच्या बाबतीत हे जरा जास्त वेगाला घडते. टायरवर खाचा असतात. चाक फिरताना खाच रस्त्यावर दाबली जाते, तिच्यातली हवा फुस्सकन बाहेर पडते आणि खाच सुटताच पुन्हा आत ओढली जाते. दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबून पाहा, तोच प्रकार. शिवाय रस्त्याच्या खडबडीमुळे टायर थरथरतो, तो आवाज वेगळाच. आणि टायर जेथे रस्त्याला टेकतो तेथे दोहोंमध्ये पाचरीसारखी जागा उरते. ती कर्ण्याच्या तोंडाचे काम करते आणि आवाज वाढवून बाहेर फेकते.

यावर युक्ती काय? रस्ताच सच्छिद्र करायचा. नेहमीच्या डांबरी थरात मोठी खडी, बारीक खडी आणि भुकटी अशी बसवतात की आत शेकडा चारपाच भागच पोकळी उरते. सच्छिद्र थरात बारीक खडी मुद्दाम कमी घालतात; त्यामुळे शेकडा वीस भाग पोकळी राहते. चाकाखालची हवा मग फुस्सकन न उडता या भोकांत शिरते, आणि आवाजही त्यांतच जिरतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा, मग चार गोधड्या पसरून वाजवा. फरक आपोआप कळेल.

या थराने आवाज साधारण तीन ते पाच डेसिबल उतरतो. ‘एवढेच?’ असे म्हणू नका. डेसिबलचा हिशेब निराळा आहे. एक मोटार ७० डेसिबल आवाज करीत असेल, तर तशा दोन मोटारी १४० नव्हे, फक्त ७३ करतात. म्हणजे तीन डेसिबल उतरणे म्हणजे निम्मी वाहने रस्त्यावरून उठविण्यासारखे आहे. मात्र कानाला आवाज निम्मा वाटायला दहा डेसिबल उतरावे लागतात, हेही खरे. नेदरलँड्स या दाट वस्तीच्या देशाने आपल्या बहुतेक द्रुतगती मार्गांवर असा थर घातला आहे.

मग आपल्याकडे का नको? येथे दोन अडचणी आहेत. एक, ही भोके मातीने बुजतात. वेगवान रस्त्यावर पावसात टायरच ती शोषून साफ करतात. पण बाजारपेठेत, घाटात गाड्या रखडत चालतात, तेथे आपली तांबडी माती महिनोन् महिने आत बसून राहील. दुसरी, असा थर साध्या थरापेक्षा लवकर झिजतो, त्याची खडी सुटते. कोकणातल्या पावसात डांबराची काय दशा होते हे आपण जाणतोच. म्हणून तर चौपदरीकरणात आपल्या भागात काँक्रीट आले.

काँक्रीटही बोलते बरे का! चाक घसरू नये म्हणून ते ओले असतानाच त्यावर रेषा ओढतात. वर्गात हे गणित घाला: आडव्या रेषा दोन-दोन सेंटिमीटरवर आहेत आणि मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर जाते, तर सेकंदाला किती टिचक्या बसतील? उत्तर येते एक हजार. हीच ती शीळ! रेषा आडव्या न ओढता रस्त्याच्या लांबीने ओढल्या, तर ती बरीच कमी होते. रस्ता होताना हे सांगणे सोपे, झाल्यावर अवघड.

तेव्हा गावाने काय मागावे? जेथे गाड्या सुसाट जातात तेथे रस्त्याचा पृष्ठभाग सुधारण्याची मागणी करावी. जेथे त्या रांगत जातात तेथे चाक नव्हे, इंजिन आणि भोंगा त्रास देतात. तेथे कितीही गुळगुळीत थर घातला तरी उपयोग नाही, भोंगाच आवरला पाहिजे. शाळेपुरते म्हणाल, तर झाडांची एक ओळ सावली देते, आवाज फारसा अडवीत नाही. चिऱ्याची भिंत अडवते. पण वर्गातून चाके दिसणार नाहीत इतकी ती उंच हवी आणि मध्ये फट नको. नवी खोली बांधायची असेल, तर खिडक्या महामार्गाच्या उलट बाजूला घ्या.

उद्या वर्गात एक करून पाहा. रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या ठेवून शेवटच्या बाकावर दहा शब्द लिहून घ्या. मग त्या लावून दुसरे दहा. किती चुकले ते मोजा. ग्रामपंचायतीपुढे अर्ज ठेवताना तो कागद सोबत जोडा.