सन १९६४ चें सेंट थॉमस तिकीट : प्रसंग आणि प्रतिमा

पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्यांच्या संग्रहांत टपालाचीं तिकिटें मुद्दाम कोणी ठेवीत नाहीं. जुन्या कागदांबरोबर तीं आपोआप येतात. पाथर्डीस आमच्या एका रुमालांत असें एक तिकीट आहे. किंमत १५ पैसे, रंग तांबूस जांभळा. त्याच्या वेष्टनावर 'पोपचें तिकीट' असें टिपण आम्हींच पूर्वीं केलें होतें. तें चुकलें.

तिकीट निघालें २ डिसेंबर १९६४ रोजीं. त्याच दिवशीं पोप सहावे पॉल ३८ व्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसकरितां मुंबईस उतरले. हिंदुस्थानांत आलेले हे पहिलेच पोप. दुसऱ्या दिवशीं इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढें बोलतांना त्यांनीं बृहदारण्यकोपनिषदांतील पवमान-अभ्यारोहाची प्रार्थना उद्धृत केली, याचें आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांस विशेष वाटतें.

परंतु तिकिटावरील प्रतिमा पोपची नव्हे. ती ख्रिस्तशिष्य संत थॉमस यांची असून इटलींतील ओर्तोना येथील कॅथेड्रलांतल्या मूर्तीवरून घेतली आहे. थॉमस यांस मद्रासजवळ मैलापुरास मरण आलें, आणि त्यांच्या अस्थि एडेसा व खिऑस बेट या मार्गानें सन १२५८ त ओर्तोनास गेल्या, असें परंपरा सांगते. म्हणजे मूर्ति अस्थिस्थानींची खरी. पण ती चेहऱ्याचा पुरावा नव्हे.

थॉमस हिंदुस्थानांत आले कीं नाहीं, हा प्रश्न तिकिटानें सुटत नाहीं. 'थॉमसचीं कृत्यें' या सीरियन ग्रंथांत ते गुदनफर राजाकडे आल्याची कथा आहे. एकोणिसाव्या शतकांत वायव्य प्रांताकडे या नांवाच्या राजाचीं नाणीं उजेडांत आलीं. तख्त-ई-बाही येथील शिलालेखांत त्याच्या कारकीर्दीचें २६ वें वर्ष व कोणत्या तरी शकाचें १०३ वें वर्ष मिळालें. कित्येकांस एवढ्यानें कथा सिद्ध झाली असें वाटतें. आमच्या मतें राजा सिद्ध झाला, पाहुणा नव्हे.

आमच्या तालुक्यांतील चिचोंडीचे जैन आचार्य आनंदऋषि यांच्या स्मरणार्थ २००२ सालीं तिकीट निघालें. तेथें ज्यांचा गौरव त्यांचीच प्रतिमा. घोटाळ्यास जागा नाहीं. १९६४ च्या तिकिटांत प्रसंग एकाचा व प्रतिमा दुसऱ्याची, म्हणून आमच्यासारखे फसतात.

आतां वेष्टनावर आम्हीं लिहिलें आहे : 'संत थॉमस, ओर्तोना येथील मूर्तीवरून, २-१२-१९६४, पोपच्या आगमनप्रसंगीं.' जुनें टिपण खोडलें नाहीं. खालीं तसेंच ठेविलें आहे. ज्यांच्या संग्रहीं त्या दिवसाचा टपालशिक्का असलेला लिफाफा असेल, त्यांनीं तिकीट भिजवून सोडवूं नये. शिक्का गेला कीं त्या दिवसाची साक्षहि गेली.