बुद्धी एक की अनेक?

दहावीचा निकाल लागला की आपल्या इंद्रपुरीतील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "किती गुण मिळाले?" त्या आकड्यावरून मुलगा हुशार की सामान्य, हे ठरते आणि त्याची पुढील वाटही ठरून जाते. परंतु माणसाची सारी बुद्धी एका आकड्यात मावते काय?

१९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बीने यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी, हा तिचा हेतू होता. पुढे मात्र मुलांची प्रतवारी लावण्याकडेही तिचा उपयोग होऊ लागला. १९८३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धी अनेक आहेत, असे प्रतिपादन केले. भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशविषयक, सांगीतिक, शारीरिक, परस्परसंबंधविषयक व आत्मविषयक अशा सात बुद्धी त्यांनी सांगितल्या. निसर्गविषयक ही आठवी मागाहून जोडली.

हा विचार मुलांपर्यंत पोहोचवावयाचा तर समुपदेशक तयार व्हावयास हवेत. आपल्याच भोपाळात, श्यामला टेकडीवरील प्रादेशिक शिक्षण संस्थेत, समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम चालविण्यात आला आहे. अशा शिक्षणात उमेदवाराने प्रथम स्वतःला ओळखावे लागते. कारण ज्याला केवळ शब्दांचीच ओढ आहे, त्याला अबोल मुलाचे चित्र वाचता येत नाही. नंतर मुलाला वर्गात, मैदानावर व मित्रांमध्ये पाहावयाचे आणि त्याच्या बलस्थानावरून दुबळ्या जागेकडे पूल बांधावयाचा. अपूर्णांकांना भिणारा मुलगा तबला वाजवीत असेल, तर त्याला त्रिताल आठवावयास सांगावे. सोळा मात्रा, चार विभाग. म्हणजे एक विभाग हा आवर्तनाचा चौथा हिस्सा! भीती तेथेच निम्मी होते.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. या बुद्धी परस्परांपासून खरोखर स्वतंत्र आहेत, हे अनेक मानसशास्त्रज्ञांना मान्य नाही. म्हणून 'हा संगीतबुद्धीचा, त्याला गणित नको' असे ठरविणे म्हणजे जुन्या शिक्क्याच्या जागी नवा शिक्का मारणे होय. चांगला समुपदेशक मुलाचे एकही दार बंद करीत नाही. जे उघडे आहे, त्यातून तो आत शिरतो.

तेव्हा पालकहो, येत्या निकालाच्या दिवशी गुण अवश्य विचारा, पण त्याबरोबर "यंदा तुला कशात रमावेसे वाटले?" हेही विचारा. आणि विद्यार्थिमित्रांनो, त्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधून ठेवा.